ठावठिकाणा लागत नाही

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. हिंदुराव पाटलाच्या दारात सायकल टेकवून पोलीस पाणी पीत उभा होता. एक तांब्या संपवून त्यानं दुसरा मागितला. सांगोल्यापासून लोणटेकीपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. टोपीपासून बुटापर्यंत माणूस मातकट झाला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं पिशवीतून लांबडं पाकीट काढलं.

"दोन हायती पाटील. ज्येच्या त्येच्या हातात द्या, सह्या घ्या, आन् परवापत्तूर ठाण्यावर पोच करा."

"कशाचं हाय?"

"राखीव शिपायांचं बोलावणं. लढाई लागतीय म्हनत्यात. समद्या जिल्ह्यात कागदं फिरत्यात. माझ्या एकट्याच्या पिशवीत एकोणीस हुती."

तो गेल्यावर हिंदुराव ओट्यावर बसला आणि पाकीट उघडलं. कागदावरचा मजकूर इंग्रजी होता, पण वर टाचलेल्या चिठ्ठ्यांवर कचेरीतल्या कुणीतरी मराठीत नावं घातली होती. हिंदुराव चौथीपर्यंत शिकलेला. बोट ठेवून त्यानं वाचलं. पहिलं नाव सिद्धाराम गुरप्पा बिराजदार. दुसरं मानसिंग हिंदुराव पाटील.

मानसिंग हा त्याचा एकुलता एक मुलगा.

चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या सालात सांगोल्याला भरती लागली होती. गावातून पोरं आणा असा तेव्हा पाटलाला हुकूम होता, आणि हिंदुरावनं दोन पोरं नेली होती. एक त्याचा, एक निंगव्वाचा. दोघंही घेतले. मानसिंग पूल बांधणाऱ्या, सुरुंग पेरणाऱ्या पलटणीत गेला. सिद्धाराम लष्करी गाड्या चालवायला. सात वर्षं नोकरी करून दोघं एकाच महिन्यात घरी आले. येताना कागदावर सही करून आले होते, की पुढची आठ वर्षं राखीव. सरकार बोलावील तेव्हा हजर व्हायचं. ती सही कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती. ज्या दिवशी मानसिंग ट्रंक घेऊन दारात उभा राहिला, त्या दिवशी हिंदुरावच्या लेखी नोकरी संपली होती.

त्यानं दोन्ही कागद अंगरख्याच्या खिशात घातले. मानसिंग खालच्या रानात कोळपत होता. रान घरापासून हाकेवर. हिंदुराव उठला, पायताण घातलं, आणि रानाकडं न वळता वरच्या आळीला निंगव्वाच्या घराकडं चालू लागला.

निंगव्वाचं माहेर कानडी मुलखातलं. नवरा गुरप्पा सर्प चावून मेला तेव्हा सिद्धाराम अंगावर पीत होता. तिनं दुसऱ्याच्या रानात खुरपून पोर वाढवलं. हिंदुराव दारात आला तेव्हा ती छिन्नीनं जात्याला टाकी लावत बसली होती, आणि सिद्धाराम भिंतीला पाठ लावून सुतळी वळत होता.

"सिद्धा, सही कर हितं," हिंदुराव म्हणाला.

सिद्धारामनं कागद वाचला. त्याला इंग्रजी अक्षरं लागत होती. वाचून त्यानं कागद मांडीवर ठेवला.

"काय हाय ते?" निंगव्वानं विचारलं.

"बोलावणं हाय, अव्वा."

"कुटं?"

ती उठली. हातातली छिन्नी तशीच. "पाटील, एकदा दिला की तुमाला. सात वरसं दिला. आता परत कशाला? नन्न मगा... माझं एकच लेकरू हाय वो."

"देशाचं काम हाय, निंगव्वा," हिंदुराव म्हणाला. "न्हाय म्हनून कसं चालंल? सरकार का उगं बोलावतंय?"

बोलून गेल्यावर त्याच्या कानाला ते शब्द सभेतल्यासारखे लागले. सिद्धारामनं सही केली. हिंदुरावनं पोच फाडून घेतली आणि निघाला. दुसरा कागद खिशात होता, आणि तिनं विचारलं असतं की आणि कुणाचं हाय, तर त्यानं सांगितलं असतं. पण तिनं विचारलं नाही.

घरी सून गोजरा चुलीपुढं होती. सहावा महिना. लग्नाला सात वर्षं होऊन गेली, नवरा सुट्टीला येऊन जायचा, आणि आता कुठं तो घरी राहिल्यावर तिची कूस उजवली होती. पोलीस आला तेव्हा ती आतूनच ऐकत होती.

"मामंजी, दुसरा कागद कुनाचा?"

हिंदुरावनं खिशावर हात ठेवला. तेवढ्यावरनंच तिला कळलं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, फुंकणी बाजूला ठेवली आणि पदर सावरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. अशी ती कधी उभी राहत नसे.

"तुमीच पाटील हाय न्हवं? लिवा की गावात न्हाय म्हनून. ऊस तोडायला गेलाय म्हना. कुटं गेला ठावं न्हाय म्हना. तुमचंच लिवलेलं वर जातं."

"निंगव्वाच्या पोराची सही आत्ताच घेऊन आलोय, पोरी."

"तिच्या पोराचं तिच्यापाशी. मी माझ्या मानसाचं बोलतीय."

"उद्या तिला तोंड कसं दावू? तिचा घातला आन् माझा दडवला?"

गोजरा आणखी एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, "आन् मला कसं दावनार?"

हिंदुराव रानात गेला. मानसिंग कोळपं धरून उतारानं खाली येत होता. परतीच्या पावसानं फसवलेलं साल. ज्वारी वीतभर होऊन थबकली होती आणि दोन ओळींमधली भुई टणक झाली होती. बैल जोर करत होते. मानसिंगनं बापाला बांधावर बघितलं, पण काकरी अर्धवट सोडली नाही. खालच्या टोकाला पोचल्यावर कोळपं उचललं, बैल वळवले, मग आला.

कागद बघून त्यानं हसल्यासारखं केलं. "कवा?"

"चार दिसांत पुण्याला हजर व्हायचं."

"दुसरं कोळपण राहिलं मग." त्यानं हात धोतराला पुसले, बैलांच्या जुवावर कागद ठेवला आणि सही केली. सही करताना बैल हलला, म्हणून शेवटचं अक्षर लांब ओढलं गेलं. "गोजरीला सांगितलंत?"

"तिला कळलं."

"काय म्हनली?"

हिंदुराव म्हणाला, "काय न्हाय."

*

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं बाप-लेक सोलापूरला निघाले. सिद्धारामही यायचा होता. फाट्यावर गाडी आली तरी तो आला नाही. कंडक्टर घंटा मारायला लागला. "येईल मागनं दुपारच्या गाडीनं," मानसिंग म्हणाला आणि चढला.

सोलापूर हिंदुरावच्या ओळखीचं होतं, पण त्या दिवशीचं नव्हतं. सात रस्त्याच्या चौकात एस.टी. अर्धा तास अडकून राहिली. रस्त्याच्या कडेनं मालट्रकांची रांग उभी होती, पंचवीस-तीस तरी असतील. प्रत्येकाच्या दर्शनी फळीवर खडूनं आकडा घातलेला. सरकारनं गाड्या लढाईच्या कामाला धरल्या होत्या. एका गाडीत अजून गुळाच्या ढेपा होत्या आणि ड्रायव्हर माल उतरवून घेऊ द्या म्हणून शिपायाच्या मागं मागं फिरत होता. स्टेशनात मालधक्क्यावर चादरींचे, कांबळ्यांचे गठ्ठे माणसाच्या डोक्याच्या वर गेले होते. हमाल म्हणाला, "गिरण्यांत तिन्ही पाळ्या हेच चाललंय. बाजारात चादर दावा म्हनलं तर मिळायची न्हाय."

फलाटावर राखीव शिपाई. बार्शीचे, माढ्याचे, अक्कलकोटचे, करमाळ्याचे. कुणाच्या अंगावर जुना कोट, कुणाच्या पायात लष्करी बूट आणि वर धोतर. एकाच्या बोटाला अजून नांगराचा व्रण ओला होता. पोटं सुटलेली, केस पिकायला लागलेली माणसंही होती. बायका रडत होत्या, पण दबून. सगळ्याच रडायला लागल्यावर कुणाच्या रडण्याला जागा उरत नाही, तसं. हिंदुराव मुलाची ट्रंक धरून उभा होता. दुपारच्या एस.टी.नं येणारी माणसं आली. त्यांत सिद्धाराम नव्हता.

गाडी लागली तेव्हा मानसिंग वाकून पाया पडला. म्हणाला, "आबा, खालच्या रानाला दुसरं कोळपं मारा. भेगा बुजल्या तर वल टिकंल."

"मारतो."

"तुमी सवता नका मारू. गडी बघा."

गडी कुठून बघणार. पण हिंदुराव म्हणाला, "बघतो."

*

आठ दिवसांनी पोलीस परत आला. या खेपेला दोघं होते. सिद्धाराम बिराजदार पुण्याला हजर झाला नव्हता. हिंदुरावला पुढं घालून ते निंगव्वाच्या घरी गेले. घर ते केवढं. एक खण आणि पडवी. तरी त्यांनी कणगी उपसली, सरपण हलवलं, छपरावरचा कडबा काठीनं भोसकून बघितला. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. निंगव्वा उंबऱ्यावर बसून होती.

"कुटं गेला?" पोलिसानं विचारलं.

"गेला न्हवं का लढाईला," निंगव्वा म्हणाली.

तिला सांगोल्याला नेऊन दिवसभर ठाण्याच्या व्हरांड्यात बसवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं बसवलं. संध्याकाळी हिंदुराव तिला आणायला गेला. येताना एस.टी.त ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "तुमी तुमचा दिला म्हनून माझा बी मोजून घेता काय, पाटील?"

हिंदुरावच्या तोंडात उत्तर होतं. निम्मं आलंही होतं. पण दिवसभर पाण्याशिवाय बसून तिचे ओठ फुटले होते, ते बघून तो गप्प झाला.

त्याच आठवड्यात ठाण्याचा हुकूम आला: सदर इसम मामाकडे चडचणच्या बाजूस असल्याचा संशय, पोलीस पाटलाने समक्ष जाऊन खात्री करावी. तोवर इकडं सरकारी कामांचा पाऊस पडला होता. संरक्षण फंडाला घरटी धान्य गोळा करा. रक्त द्यायला माणसं पाठवा. आणि रात्रीचे दिवे झाका, विमानाला गाव दिसता कामा नये. लोणटेकीत वीजच नव्हती. तरी हिंदुरावनं कोतवालाकडून दवंडी पिटवली, की कंदिलाला काळा कागद लावावा. लोक विचारायला लागले, कागद आणायचा कुठनं, आणि कंदिलात घालायला रॉकेल तरी कुठं आहे.

रॉकेल खरंच मिळत नव्हतं. त्यात कोळपायचं राहिलेलं रान. हिंदुरावनं स्वतःच कोळपं धरलं. साठीचा माणूस, दोन दिवस धरलं आणि कंबर अशी भरली की तिसऱ्या दिवशी गोजरा जुवाच्या पुढं उभी राहिली. जड अंगानं बैलांचे कासरे धरून ती चालायची आणि तो मागं कोळप्यावर भार द्यायचा. तोवर ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. "थांबा," म्हणायची. "चला," म्हणायची.

चडचणला जायच्या दिवशी तिनं त्याला भाकरी बांधून दिली. देताना म्हणाली, "आना त्याला. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा, असं नगं."

मंगळवेढ्याहून निम्मी वाट एस.टी.नं, पुढं पायी. दुपार टळताना त्याला मामाचा मळा सापडला. विहिरीवर मोट चालू होती, आणि मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसून बैल हाकणारा माणूस सिद्धाराम होता. दाढी वाढली होती. हिंदुरावला बघितल्यावर त्यानं मोट रिकामी होऊ दिली, बैल थांबवले आणि खाली उतरला. पळाला नाही.

मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्याच्या कडेला दोघं बसले. पाणी पाटानं गव्हाकडं चाललं होतं.

"अव्वाला काय केलं?" सिद्धारामनं विचारलं.

"बसवून ठेवलं एक दिस. सोडलं."

सिद्धाराम मान खाली घालून बसला. मग आपण होऊन बोलायला लागला. "मान्या पूल बांधायला हुता पाटील, त्येचं येगळं. मी गाडी चालवायला. पासष्टला तेलाची टाकी घेऊन चाललो हुतो. म्होरली गाडी बार्शीच्या एकाची. गणपत नाव. सकाळी माझ्या ताटात त्येनं आपली चटनी वाढलेली. वरनं विमान आलं. मी गाडीत बसून बघितलं. उतरता येईना, मागनं समदी रांग. त्यो दार उघडाय बघत हुता. दार उघडंना." तो थांबला. "तवापासनं मला डिझेलचा वास आला की वकारी येती. गावात कुनाला सांगितलं न्हाय. अव्वाला बी न्हाय. सही केली तवा वाटलं हुतं जाईन. फाट्यावर बी आलो हुतो. एस.टी.चा धूर नाकात गेला, आन् माघारी फिरलो."

हिंदुराव पाण्याकडं बघत राहिला.

"मी आता पळनार न्हाय," सिद्धाराम म्हणाला. "तुमी आलाय. तुमी तुमचा पाठवलाय. तुमी म्हना, चल, तर मी हाय ह्या कापडानं येतो. तुमी म्हना."

एक शब्द होता. अख्खी वाट हिंदुराव तोच शब्द तोंडात घोळवत आला होता. आता तो म्हणायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की हा शब्द आपण या पोराला एकदा म्हटलेला आहे, सांगोल्याच्या भरतीला नेताना. आणि मानसिंगलाही. दुसऱ्यांदाही दोघांना म्हणून झालंय, कागद पुढं करून. तिसऱ्यांदा तो तोंडातून निघेना. ऊन उतरलं. मामी भाकरी घेऊन आली. हिंदुरावनं ती खाल्ली, हात धुतला, आणि उठला.

"येतो मी," म्हणाला. "काय दिस गावाकडं येऊ नगंस."

सिद्धाराम त्याच्या पाया पडला नाही. नुसता बघत उभा राहिला. ते हिंदुरावला बरं वाटलं.

घरी पोचला तेव्हा गोजरा दारात बसून शेंगा फोडत होती. "घावला?"

खोटं बोलायचं त्यानं वाटेत ठरवलं होतं. पण तिनं मान वर करून सरळ बघितलं, आणि तो म्हणाला, "घावला."

"मग कुटाय?"

हिंदुराव आत गेला. दुसऱ्या दिवशी पोलीस आला, ओट्यावर बसला, आणि पाटलानं लिहून ठेवलेला अहवाल बरोबर आहे का बघायला त्यानं तो मोठ्यानं वाचला. "सदर इसमाचा समक्ष जाऊन शोध घेतला असता ठावठिकाणा लागत नाही. सबब अहवाल सादर." वाचून घडी घातली आणि म्हणाला, "लढाई तर लागली परवाच. आता कोन बघतंय." पाणी पिऊन निघून गेला.

गोजरा दाराआड उभी होती. तिनं रिकामा तांब्या उचलला, घासला, पालथा घातला. त्या दिवसापासून ती हिंदुरावशी बोलायची बंद झाली. जेवायला वाढायची, पाणी तापवायची, रानात बरोबर यायची. पण "थांबा" नाही, आणि "चला" नाही. बैलच काय ते समजून घ्यायचे.

*

लढाई दोन आठवड्यांत संपली. शाळेच्या गुरुजींच्या रेडिओवर बातमी आली. पोरांनी फेरी काढली. गुरुजींनी साखर वाटली. निंगव्वानंही हात पुढं केला आणि चिमूटभर साखर तोंडात टाकली. लोक हिंदुरावला म्हणाले, "आता मानसिंग आला म्हनून समजा."

पौष गेला. माघात गोजरा बाळंत झाली, मुलगी झाली. तिचं नाव जगदेवी ठेवलं. ज्वारी काढायला आली तेव्हा काढण्यासारखं फारसं नव्हतं. कणसं अशी, की मळताना बैल उगाच फिरतात असं वाटावं. मानसिंगचं पत्र आलं. पत्त्यात गाव नव्हतं, नुसता आकडा. लिहिलं होतं, की सुट्टी नाही. लढाई संपली, पण दोन्हीकडची फौज अजून समोरासमोर उभी आहे. सरहद्दीवरच्या शेतांत आपल्याच लोकांनी सुरुंग पेरले होते, ते आता काढायचे आहेत. नकाशे आहेत, पण वाऱ्यानं वाळू सरकली, नकाशाप्रमाणं काही राहिलं नाही. पोटावर झोपून सळईनं माती टोचत जायचं. मुलीला घुटी द्या.

गुरुजींनी पत्र वाचून दाखवलं. गोजरानं ते परत वाचायला लावलं. "पोटावर झोपून," एवढंच ती पुटपुटली.

हिंदुरावनं तालुक्याला जाऊन पाटीलकीचा राजीनामा दिला. कारकुनानं तो वाचून त्याच्याच हातात परत ठेवला. "दुष्काळ जाहीर व्हायच्या बेतात आहे पाटील. गावात गुरुजी सोडले तर लिहिता-वाचता दुसरा कोण आहे? चार महिन्यांनी बघू." चार महिन्यांनी त्याला टँकरच्या पाळ्या लावायच्या होत्या, गुरांच्या छावणीला दाखले द्यायचे होते, आणि खडीच्या कामावर माणसं नेऊन घालायची होती. राजीनाम्याचा कागद अंगरख्याच्या खिशातच मळून फाटला.

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. बैल छावणीत आणि माणसं खडीवर. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं. उन्हात ओळीनं बायका बसायच्या, समोर दगडांचे ढीग, हातात हातोडी. गोजरा तान्ह्या पोरीला बाभळीच्या झोळीत टाकून खडी फोडायची. पंधरा दिवसांत तिच्या तळव्याचे फोड फुटून त्यांचे घट्टे झाले. निंगव्वा तिच्या शेजारीच बसायची; जागा सरकारनं दिली होती, त्यांनी निवडली नव्हती. सिद्धारामही आला होता. मामाच्या विहिरीला तळ लागला, मग राहणार कुठं. तो दगड वाहायचा. पोलीस येऊन गेले, हजेरी बघून गेले, कुणी त्याचं नाव विचारलं नाही. ज्या कागदासाठी निंगव्वाला दिवसभर ठाण्यात बसवलं होतं, तो कागद आता कुणाला लागत नव्हता.

तार आली ती आधी हिंदुरावच्याच हातात पडली; गावात इंग्रजी तार आली की ती पाटलाकडं आणून द्यायची रीत होती. गुरुजींनी वाचली. हिंदुराव तसाच खडीवर गेला. ओळीच्या टोकापासून तिच्यापर्यंत येताना बायकांच्या हातोड्या एकेक थांबत गेल्या. त्याच्या तोंडावरनंच सगळ्यांना कळत होतं.

गोजरानं सात महिन्यांत पहिल्यांदा त्याला विचारलं, "जिता हाय न्हवं?"

"हाय. पाय गेला. उजवा."

"कुटवर?"

"गुडघ्याच्या वर."

तिनं हातोडी खाली ठेवली. निंगव्वा उठली, झोळीतली पोर काढून छातीशी धरली आणि गोजराला म्हणाली, "जा तू. हिला मी बघती." गोजरानं पोर तिच्याकडून काढून घेतली आणि घराकडं चालू लागली.

*

कार्तिकात मानसिंग आला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात चार महिने काढून, काखेत कुबड्या घेऊन. लाकडी पाय नंतर बसवणार होते. फाट्यावर एस.टी.तून त्याला उतरवून घ्यायला हिंदुराव उभा होता, आणि बैलगाडी घेऊन सिद्धाराम. दुसऱ्या कुणाचे बैल गाडीला जुंपण्यासारखे राहिले नव्हते. सिद्धारामचे मामानं दिलेले होते.

मानसिंगनं सिद्धारामकडं बघितलं. "तू कुटल्या युनिटात हुतास रं?"

"मी गेलोच न्हाय, मान्या."

सिद्धारामनं त्याच्या काखेत हात घालून त्याला गाडीत चढवलं. गाडी चालू झाली. अर्ध्या वाटेवर मानसिंग म्हणाला, "म्हंजे तुझ्या जागी दुसरा कोनतरी गेला असंल."

"असंल," सिद्धाराम म्हणाला.

घरी गोजरानं सगळं सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंग ओट्यावर बसून बापाला म्हणाला, "आबा, तुमी त्याला धरून आनला असता, तर माझा पाय ऱ्हायला असता का?"

"न्हाय."

"मग त्येचं मला काय न्हाय." तो कुबडीचं रबर बोटानं चाचपत राहिला. "पर मला कागद दिलात तवा इचारलं न्हाय, की मान्या, जातोस का राहतोस. मी गेलोच असतो. पर त्याला इचारलंत, मला न्हाय."

हिंदुरावला सांगायचं होतं, की त्याला मी विचारलं नाही, त्यानंच मला विचारलं. पण त्यात काय फरक होता हे त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. तो म्हणाला, "व्हय. न्हाय इचारलं."

घरी बसून मानसिंगला दिवस जाईना. चौथ्या दिवशी तो म्हणाला, खडी बसूनच फोडायची असते, त्याला पाय कशाला लागतो. मुकादम कचरला. लढाईत पाय गेलेल्या जवानाला खडीवर घेतलं म्हणून वर्तमानपत्रात यायचं, म्हणाला. मग हिंदुरावनं गावचा पाटील म्हणून सही करून दिली, की सदर इसम स्वखुशीनं काम मागतो. मानसिंगचं नाव हजेरीला लागलं. पाय नसलेली बाजू दगडांच्या ढिगाकडं करून तो बसायचा. हात त्याचे तयार होते. दोन दिवसांत त्यानं बायकांच्या बरोबरीनं ढीग पाडायला सुरुवात केली.

हिंदुरावही आला. पाटलानं खडीवर बसायचं नसतं, पण छावणीचं काम आठवड्यातून एकदाच असे, आणि घरात एकटं बसवत नव्हतं. तो टोकाला, उन्हात बसला. हातोडी त्याला पेलत नव्हती. दगड फुटायच्या ऐवजी निसटून पलीकडं जायचा आणि तो उठून आणायचा.

तिसऱ्यांदा दगड निसटला तो गोजराच्या पुढ्यात जाऊन पडला. तिनं तो उचलला, मांडीपुढच्या मोठ्या दगडावर ठेवला आणि एका घावात फोडला. मग तसंच समोर बघत बोलली. मानसिंग ऐकत होता, निंगव्वा ऐकत होती, सिद्धाराम पाटी घेऊन मागं उभा होता.

"मामंजी, ह्यांना धाडलंत तेबी बराबर हुतं. निंगव्वाच्या पोराला सोडलंत तेबी बराबर हुतं. मी वरीसभर उलटंपालटं करून बघितलं. कुटं चुकलात ते घावंना."

तिनं दुसरा दगड पुढं ओढला.

"चुकला असता तर तुमाला शिव्या तरी दिल्या असत्या. बोलनं तरी हुत ऱ्हायलं असतं."

हिंदुराव उठला होता तो तसाच वाकलेला राहिला. मग जागेवर जाऊन बसला. मुकादमानं शिट्टी वाजवली, आणि ओळीतल्या सगळ्या हातोड्या परत चालू झाल्या.